दालमिल मोठी का होत नाही? लघुउद्योगांच्या वाढीचा अभ्यास करताना नेमके काय मोजावे?

प्रश्न : मोंढ्यालगत (लातूर)

नमस्कार.

मी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात वाणिज्य शाखेत पीएच.डी. करीत असून लातूर आणि उदगीर परिसरातील दालमिल उद्योगाची वाढ हा माझा विषय आहे. आराखडा मंजूर झाला तेव्हा माझी मांडणी सरळ होती. मोंढ्यात (धान्यबाजारात) तूर आणि हरभऱ्याची आवक आहे, डाळीला देशभर मागणी आहे, अनुभवी मालक आहेत, आणि तरीही वीस-पंचवीस वर्षांच्या कित्येक मिल सुरुवातीच्याच आकारात चालू आहेत. त्याअर्थी भांडवलाची टंचाई हेच मुख्य कारण असावे, असे गृहीतक मी धरले होते. त्यामुळे माझ्या प्रश्नावलीतील निम्म्याहून अधिक प्रश्न कर्ज, तारण, व्याजदर आणि अनुदान यांच्याविषयीच होते.

प्रश्नावली तपासून पाहण्यासाठी मी काही मिलमध्ये जाऊन बसले. एका मिलमध्ये मालकांनी तुरीचा सगळा प्रवास दाखवला. चाळलेली तूर एमरीच्या, म्हणजे खरखरीत घासणाऱ्या, रोलरखालून निघते तेव्हा टरफलावर फक्त ओरखडे पडलेले असतात. मग तिला तेलाचा हात देऊन ती ढिगात मुरत ठेवतात, पाणी देतात, आणि उघड्या फरशीवर उन्हात पसरतात. त्या फरशीवर दोन माणसे अनवाणी पायांनी तूर फिरवत होती. मालकांनी मूठभर डाळ माझ्या तळहातावर ठेवून तीत राहिलेली टरफलाची कड आणि मोडलेली कणी बोटाने वेगळी करून दाखवली. शंभर किलो तुरीमागे सत्तर ते पंच्याहत्तर किलो डाळ हा उतारा मिळतो, बाकी चुनी आणि टरफल जनावरांच्या खाद्यात जाते, आणि वाळवणात एक दिवस ढग आले तरी उतारा घसरतो, असे त्यांनी सांगितले.

साहजिकच मी विचारले की ड्रायर का बसवत नाही. बँक कर्ज द्यायला तयार आहे, अनुदानाचीही माहिती आहे, हे त्यांनी आधीच सांगितले होते. त्यांचे उत्तर मी जसेच्या तसे वहीत लिहून घेतले आहे : "ड्रायर घेतला की मिल पावसाळ्यात आणि रात्रीही चालवावी लागेल. रात्री गल्ल्यावर आणि वजनकाट्यावर बसणार कोण? धाकटा भाऊ वेगळा झाला."

या एका उत्तराने माझे गृहीतक हलले आहे. म्हणून जाणकारांना विचारते. अशा उद्योगाची वाढ नेमकी कशात मोजावी? भांडवल हे वाढीच्या आड येणारे मुख्य कारण आहे का, याविषयी झालेले संशोधन काय सांगते? आणि एकाही मिलकडे पेटंट नाही, संशोधन विभाग नाही, मग नवोन्मेष या प्रकरणात मी लिहायचे तरी काय? मार्गदर्शक सरांनी हे प्रकरण आवश्यक ठरवले आहे.

प्रतिसाद : निवृत्त अध्यापक, अर्थशास्त्र (छत्रपती संभाजीनगर)

आपण वहीत लिहून घेतलेले ते वाक्य जपून ठेवा. प्रबंधाचा गाभा तिथेच आहे असे मला वाटते. त्याकडे मी शेवटी येतो.

वाढ मोजण्याचा प्रश्न सर्वांत अवघड आहे, आणि बहुतेक प्रबंध तिथेच घसरतात. उलाढाल हे माप दालमिलसाठी फसवे आहे. डाळीचा भाव किलोला १०० रुपये धरला तर १,००० टन डाळ म्हणजे १० कोटींची उलाढाल; वर्षाचे ३०० दिवस रोज साडेतीन टनांच्या आत डाळ काढणारी मिलही तिथे पोहोचते. पुढच्या वर्षी भाव १६० झाला की त्याच यंत्रांवर, त्याच माणसांकडून, तेवढ्याच मालाची उलाढाल १६ कोटी होते. कागदावर साठ टक्के वाढ दिसते, प्रत्यक्षात मिलने एक दाणाही अधिक भरडलेला नसतो. कामगारसंख्या हे माप त्याहून बरे, पण तुमच्या उद्योगात हमाल पोत्यावर मजुरी घेतात आणि मिलच्या हजेरीपटावर नसतात, त्यामुळे तेही अपुरे पडते. वर्षभरात भरडलेले टन आणि वीजबिलावरचा मंजूर भार, या दोन आकड्यांवर विसंबावे असा माझा सल्ला आहे. वीजबिल लपवण्यात कुणाला रस नसतो.

सरकारी वर्गवारीही जपून वापरावी, कारण व्याख्याच बदलत गेली आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात उत्पादक उद्योगासाठी केवळ यंत्रसामग्रीतील गुंतवणूक पाहिली जात असे आणि २५ लाखांपर्यंतचा उद्योग सूक्ष्म ठरत असे. १ जुलै २०२० पासून गुंतवणूक १ कोटी आणि उलाढाल ५ कोटी अशी दुहेरी मर्यादा आली, आणि १ एप्रिल २०२५ पासून ती अडीच कोटी आणि १० कोटी झाली. म्हणजे एखादी मिल जागची न हलता सूक्ष्मची लघु आणि लघुची पुन्हा सूक्ष्म होऊ शकते. 'उद्यम' या सरकारी नोंदणीचे आकडे घेतले तर हे बदल वाढ किंवा घट म्हणून तुमच्या तक्त्यात शिरतील.

आणखी एक गोष्ट, जी मी माझ्या विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा सांगत असे. फक्त चालू असलेल्या मिलमध्ये जाऊन वाढीची कारणे शोधू नका. बंद पडलेल्या मिलचे पत्रे, कुलपे आणि भाड्याने दिलेली गोदामे मोंढ्याच्या आसपासच असतात. त्यांच्या मालकांना भेटल्याशिवाय टिकलेल्यांच्या गुणांची गाथाच तेवढी हाती येते.

आता भांडवल. श्रीलंकेत डी मेल, मॅकेन्झी आणि वूड्रफ यांनी अगदी लहान उद्योगांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकून रोख रक्कम किंवा साहित्य दिले आणि इतरांशी तुलना केली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात या भांडवलावरचा परतावा महिन्याला जवळपास पाच टक्के, म्हणजे बाजारातील व्याजदराहून कितीतरी अधिक, आढळला. त्यावरून भांडवलच अडते असे म्हणता येईल. पण हैदराबादच्या वस्त्यांमध्ये बॅनर्जी, डुफ्लो, ग्लेनर्स्टर आणि किनन यांनी १०४ पैकी ५२ वस्त्यांत सूक्ष्मकर्ज आधी उपलब्ध करून देऊन केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले, ते सावध करणारे आहेत. कर्ज मिळाल्यावर आधीपासून चालू असलेल्या धंद्यांतील गुंतवणूक वाढली, वरच्या टोकाच्या थोड्या धंद्यांचा नफाही वाढला, पण सर्वसाधारण धंद्याचा नफा फारसा हलला नाही. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत त्याच हैदराबादच्या निजामाच्या अमलाखाली होता. तेथील व्यापाराच्या, उधारीच्या आणि घरंदाज पेढ्यांच्या चालीरीती आपल्याला परक्या नाहीत, म्हणून हा अभ्यास मी तुम्हाला आवर्जून वाचायला सांगेन.

मूळ कोड्याचे सर्वांत स्पष्ट चित्र श्येह आणि क्लेनाव यांच्या २०१४ च्या लेखात आहे. अमेरिकेत चाळीस वर्षे टिकलेल्या कारखान्यात पाच वर्षांच्या आतल्या कारखान्याच्या सातपटींहून अधिक कामगार असतात. भारतात आणि मेक्सिकोत तेवढ्याच वयाचा कारखाना जेमतेम दुप्पट होतो. तुमच्या उदगीरच्या मिल या चित्रात तंतोतंत बसतात. २०१५-१६ च्या नमुना पाहणीत देशातील ६ कोटी ३४ लाख असंघटित बिगरशेती उद्योगांपैकी ६ कोटी ३० लाखांहून अधिक सूक्ष्म होते, तर लघु साडेतीन लाखही नव्हते. बी भरपूर पडते, रोपे उगवतात, पण झाड होत नाही.

कारण शोधताना ब्लूम, मॅकेन्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईजवळच्या १७ वस्त्रोद्योग कंपन्यांच्या २८ कारखान्यांत केलेला प्रयोग पाहा. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही कारखान्यांना व्यवस्थापनाचा सल्ला विनामूल्य दिला गेला : सुताचा साठा मोजून नोंदवणे, मागातील बिघाडांची नोंद ठेवणे, कापडातले दोष रोजच्या रोज पाहणे, अशा अगदी साध्या गोष्टी. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली, आणि तीन वर्षांत त्या कंपन्यांनी आणखी कारखाने उघडले. पण आपल्या कामाचे वाक्य त्याच लेखात थोडे बाजूला पडले आहे. कंपनी किती मोठी आहे हे ठरवणारा सर्वांत ठळक घटक होता तो मालकाच्या घरात विश्वासाचे पुरुष किती आहेत हा. परक्या व्यवस्थापकावर मालक गल्ला सोपवत नव्हते, म्हणून जितके भाऊ आणि मुलगे तितके कारखाने. तुमच्या मिलमालकांनी जे एका वाक्यात सांगितले ते हेच. अर्थशास्त्रज्ञ एडिथ पेनरोज यांनी १९५९ मध्येच मांडले होते की संस्थेच्या वाढीचा वेग तिच्यात तयार झालेल्या, एकमेकांबरोबर काम करून मुरलेल्या व्यवस्थापकांच्या संख्येने बांधलेला असतो. पैसा बाहेरून आणता येतो, मुरलेला माणूस एका दिवसात आणता येत नाही.

म्हणून एक सूचना करतो. तुम्ही मिल हे अभ्यासाचे एकक धरले आहे. ते बदलून घराणे हे एकक धरून पाहा. धाकटा भाऊ वेगळा झाला तेव्हा त्याने काय केले? बहुधा त्याने दुसरी मिल टाकली असेल किंवा आडत सुरू केली असेल. मग घराण्याचा व्यवसाय वाढला, आणि मिल मात्र वाढली नाही, उलट अर्धी झाली. वाटणी हा शब्द आपल्या उद्योजकतेच्या संशोधनात मला फारसा भेटलेला नाही, याचे मला फार वाईट वाटते.

नवोन्मेषाविषयी थोडक्यात लिहितो. अर्थशास्त्रज्ञ शुंपेटर यांनी १९११ मध्ये पाच प्रकार सांगितले होते : नवी वस्तू, नवी पद्धत, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा स्रोत आणि उद्योगाची नवी रचना. पेटंटचा संबंध यातील एक-दोनांशीच येतो. नवोन्मेष मोजण्यासाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर वापरल्या जाणाऱ्या 'ऑस्लो मॅन्युअल'मध्येही किमान अट एवढीच आहे की ती गोष्ट त्या संस्थेसाठी नवी असावी. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची 'पीकेव्ही मिनी दाल मिल' खेड्यात पोहोचली तेव्हा डाळ गावातच करण्याची सोय झाली. तुमच्या मोठ्या मिलसाठी कॅमेऱ्याने दाणा पाहून हवेच्या झोताने रंगीत दाणा उडवणारा सॉर्टेक्स हा नवा आहे. दोन्ही नोंदवा.

प्रतिसाद : जॉबवर्क (वाळूज)

ताई, सरांनी अभ्यास सांगितला, मी माझ्या शेडमधले सांगतो. वाळूजला १९८५ मध्ये बजाजचा कारखाना आला आणि त्याच्या मागोमाग सुटे भाग बनवणाऱ्या लहान शेड उभ्या राहत गेल्या. मी चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये शिकून, काही वर्षे नोकरी करून, दोन प्रेसवर धंदा सुरू केला. आज प्रेस आणि व्हीएमसी (संगणकावर चालणारी, धातू कापणारी यंत्रे) मिळून नऊ यंत्रे आहेत.

नवोन्मेषाबद्दल तुम्ही विचारले आहे, म्हणून एक उदाहरण देतो. आमच्याकडे एक ब्रॅकेट आहे, त्याची दोन छिद्रे दिसायला सारखी, पण एक अर्ध्या मिलिमीटरने सरकलेले. तिसऱ्या पाळीत झोपेच्या भरात तो उलटा बसला की पुढचे ड्रिलिंग चुकायचे आणि लॉटच्या लॉट ग्राहकाकडून परत यायचा. आम्ही सूचना लावल्या, लाल रंगाने खुणा केल्या, तपासणीला माणूस वाढवला. शेवटी गंगापूर तालुक्यातल्या एका विशीतल्या ऑपरेटरने मला फिक्स्चरजवळ, म्हणजे ब्रॅकेट धरून ठेवणाऱ्या साच्याजवळ, नेऊन दाखवले की ब्रॅकेटच्या एका कोपऱ्याला खाच आहे, दुसऱ्याला नाही. फिक्स्चरवर त्या खाचेच्या जागी एक डॉवेल पिन ठोकली तर उलटा ब्रॅकेट बसणारच नाही. पिन जुन्या डायमधून निघाली. त्या दिवसापासून तो दोष पुन्हा आलेला नाही. तुमच्या प्रश्नावलीत "संशोधन व विकासावरील खर्च" असा रकाना असेल तर मी त्यात शून्य लिहिले असते.

मात्र या सुधारणेचा फायदा कुणाकडे गेला हेही विचारत जा. आमच्या धंद्यात ग्राहक दरवर्षी भाव कमी करून मागतो, आणि त्यासाठी आम्ही केलेली प्रत्येक बचत त्याला दाखवावी लागते. डिझाइन त्याचे, पद्धत आमची, बचत पुन्हा त्याची. त्या मुलाला मी बक्षीस दिले, पगारही वाढवला, पण त्या पिनेतून नवे यंत्र घेण्याइतके माझ्या हाती काही उरले नाही. नवे काही करणारा लहान उद्योग मोठा होतो हे गृहीतक तुम्ही धरणार असाल, तर आधी भाव ठरवण्याची ताकद कुणाकडे आहे ते पाहावे लागेल.

भांडवलाचे म्हणाल, तर माझे भांडवल माझ्याच बिलांत अडकलेले असते. २००६ च्या कायद्याच्या कलम १५ नुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात, उशीर झाला तर बँकदराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. तक्रारीसाठी २०१७ मध्ये 'समाधान' पोर्टल सुरू झाले. परंतु ज्याच्याकडून माझे सत्तर टक्के काम येते त्याच्याविरुद्ध मी व्याजासाठी अर्ज करू शकत नाही, आणि माझ्या ओळखीतला कुणी करीतही नाही. प्राप्तिकराच्या ४३ब(ह) कलमाने १ एप्रिल २०२४ पासून थोडा धाक आला, कारण मुदतीत न दिलेली रक्कम ग्राहकाला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. तुमच्या दालमिलवाल्यांच्या बाबतीत हे नीट तपासा : पुढचा घाऊक व्यापारी त्यांना उधारीवर ठेवतो, आणि हे आडत्याला रोख देतात. व्यापारी म्हणून 'उद्यम' नोंदणी केलेल्याला या ४५ दिवसांचे संरक्षण नाही. मिल मात्र उत्पादक आहे, तिला आहे. किती मालकांना हे ठाऊक आहे, एवढा एकच प्रश्न विचारला तरी प्रबंधात एक चांगले पान तयार होईल.

आता किल्लीविषयी, म्हणजे परक्या माणसावर विश्वास टाकण्याविषयी. आमच्या एका ग्राहकाने दुसऱ्या राज्यात कारखाना काढला तेव्हा शेजारीच शेड टाका, काम देतो, असा निरोप आला होता. पैशाची सोय झाली असती. मी गेलो नाही. माझा मुलगा पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे, भाऊ शिक्षक आहे. तिकडे बसणार कोण, याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आमच्या स्टोअरची किल्ली मी नात्याबाहेरच्या माणसाच्या हाती पहिल्यांदा दिली ती धंद्याच्या चौदाव्या वर्षी. ती देता आली याचे कारण माझा स्वभाव बदलला हे नव्हे. प्रत्येक पत्रा आणि प्रत्येक इन्सर्ट (यंत्राचे कापणारे छोटे पाते) येताना-जाताना नोंदला जाऊ लागला, आणि महिनाअखेर फरक किती हे मला घरी बसून दिसू लागले. सरांनी सांगितलेला कापडगिरण्यांचा प्रयोग मला म्हणूनच पटला. नोंद चोख असली की नात्याची गरज कमी होते. तुमच्या मालकांना वजनकाट्याची नोंद संगणकावर जाते का, ते विचारा.

प्रतिसाद : गटाची ताई (तुळजापूर तालुका)

मी संशोधक नाही. बचत गटांबरोबर काम करते. शेवया, पापड, ज्वारीच्या कडक भाकरी, असे आमचे पदार्थ आहेत. वरची चर्चा वाचताना एक गोष्ट खटकली म्हणून लिहिते. मालक, भाऊ, मुलगा, सगळे पुरुषच. आमच्या भागात १९९३ च्या भूकंपानंतर कितीतरी बायका पहिल्यांदा बँकेत गेल्या, आणि आज त्यांच्या नावावरची कर्जे मोजली तर तुम्हाला शेकडो उद्योजिका सापडतील. मात्र त्या सापडल्या म्हणजे उद्योग सापडला असे धरून चालू नका.

आमच्या गटातल्या एकीने मुद्रा योजनेतून 'शिशु' गटातले, म्हणजे ५०,००० रुपयांपर्यंतचे, कर्ज शेवयांच्या यंत्रासाठी घेतले. यंत्र आले, ते तिच्या ओट्यावर आहे, आणि शेवया पण होतात. तरी त्यातला निम्मा पैसा नवऱ्याच्या पिठाच्या गिरणीची जळालेली मोटर बदलायला गेला. हप्ता ती भरते, आणि तो गिरणीच्या कमाईतून भरते. एकदा पाहणीला आलेल्या मुलांनी तिला विचारले की कर्जामुळे शेवयांचा धंदा किती वाढला. ती म्हणाली, तेवढाच आहे. त्यांनी वहीत "वाढ नाही" असे लिहिले. मी तिथेच उभी होते. गिरणी बंद पडली असती तर त्या घरात काय झाले असते, हे कुणी विचारले नाही, आणि तिलाही ते सांगण्यासारखे वाटले नाही.

सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत गटातल्या प्रत्येक सदस्येला ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवल मिळते, ३५ टक्के अनुदानही आहे, हे सगळे खरे आहे आणि त्याचा उपयोग होतो. पण तुम्ही दालमिलच्या घरात जाल तेव्हा पुढच्या बैठकीतून परत येऊ नका. मिल कुणाच्या नावावर आहे आणि हिशेबाची वही रात्री कोण लिहिते, हे मागच्या खोलीत विचारा. लातूरच्या एका मिलमध्ये उताऱ्याचा हिशेब मालकीणबाई तोंडपाठ सांगतात, हे मी ऐकले आहे, आणि त्यांचे नाव कागदावर फक्त कर वाचवण्यापुरते आहे.

प्रतिसाद : निवृत्त अध्यापक, अर्थशास्त्र

गटाच्या ताईंनी जे लिहिले त्यासाठी मी त्यांचा ऋणी आहे, कारण माझ्या पहिल्या उत्तरातील एक उणीव त्यांनी भरून काढली. श्रीलंकेच्या ज्या प्रयोगाचा मी उल्लेख केला, त्यात महिलांच्या धंद्यांना दिलेल्या भांडवलावर जवळजवळ काहीच परतावा आढळला नव्हता, आणि बायकांना धंदा वाढवता येत नाही असा अर्थ काही जणांनी त्यावरून काढला. २०१९ मध्ये बर्नहार्ट, फील्ड, पांडे आणि रिगोल यांनी भारत, श्रीलंका आणि घाना येथील माहिती पुन्हा तपासली. महिलेला मिळालेले भांडवल बहुतेक वेळा नवऱ्याच्या धंद्यात गुंतवले जात होते, आणि संपूर्ण घर हे एकक धरल्यावर परताव्यातील तफावत उरली नाही. शेवयांचे यंत्र आणि गिरणीची मोटर यांचा हिशेब एकत्र मांडला तर जे दिसते तेच.

हा एकच लेख दालमिलच्या वाटणीला आणि ओट्यावरच्या यंत्राला एका सूत्रात आणतो. माझी पहिली सूचना आता मी अधिक आग्रहाने करतो.

प्रश्नकर्ती : मोंढ्यालगत (लातूर)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री प्रश्नावली समोर घेऊन बसले आणि कर्जावरचे सतरा प्रश्न कमी करून पाच ठेवले. उलाढालीचा रकाना राहील, पण त्याशेजारी भरडलेले टन आणि मंजूर वीजभार असे दोन रकाने घातले आहेत. "मागील पाच वर्षांत केलेले नवे संशोधन" हा प्रश्न काढून "मागील पाच वर्षांत कामाची कोणती पद्धत बदलली, ती कुणी सुचवली आणि त्यातून वाचलेला पैसा कुठे गेला" असा प्रश्न घातला आहे. तो थेट वाळूजच्या दादांच्या पिनेतून आला आहे.

घराणे हे एकक धरण्याविषयी मार्गदर्शक सरांशी फोनवर बोलले. त्यांना कल्पना पटली, मात्र नमुना निवड कशी करणार असे त्यांनी विचारले, कारण घराण्यांची यादी कुठल्याच कार्यालयात मिळत नाही. मला सुचलेला मार्ग असा : बाजार समितीच्या जुन्या परवाना नोंदींतून काही मिल निवडायच्या, बंद पडलेल्या धरून, आणि प्रत्येक मिलपासून मागे-पुढे जात त्या घरातून निघालेले सर्व धंदे एका पानावर वंशवृक्षासारखे काढायचे. यात अडचण एकच दिसते. वाटणीचा विषय काढला की बैठकीतले वातावरण बदलते. मागच्या आठवड्यात एका ठिकाणी चहा अर्धा ठेवून मालक उठून गेले. सर, हा प्रश्न विचारायचा कसा?

प्रतिसाद : निवृत्त अध्यापक, अर्थशास्त्र

पहिल्या भेटीत विचारू नका. मोंढ्यात फिरून दुकानांच्या आणि मिलच्या पाट्या वाचा. एकाच आडनावाच्या, एकाच कुलदैवताच्या नावाच्या पाट्या किती आहेत ते आधी लिहून काढा. नंतर मालकांकडे जाऊन "ही पाटी आपल्यापैकीच का?" एवढेच विचारा आणि वही मिटून ठेवा. पुढचे ते स्वतः सांगतील, आणि जे सांगणार नाहीत त्यांच्याकडे दिवाळीनंतर, नवी वही घातल्यावर पुन्हा जा. परवाना नोंदींची कल्पना उत्तम आहे. बंद मिलची नावे मिळाली की त्यातील दोन-तीन इथे न लिहिता मला वैयक्तिक संदेशात कळवा, त्या घरांपर्यंत पोहोचण्यास मी मदत करीन.